दुखण्यासाठी स्नायू सैल सोडण्याचा व्यायाम करताय? या चुका टाळा

दुखणं जुनं झालं की शरीर आपोआप स्वतःला सांभाळायला लागतं. मान दुखत असेल तर खांदे हळूहळू कानांकडे चढतात. कंबर दुखत असेल तर पोट आणि मांड्या आवळलेल्या राहतात. धक्का लागू नये म्हणून हे स्नायू दिवसभर पहारा देतात, आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. तासन्‌तास आवळलेला स्नायू शेवटी स्वतःच ठणकायला लागतो. मूळ दुखणं एक, त्यावर या पहाऱ्याचं दुसरं.

स्नायू शिथिलीकरणाचा व्यायाम उपयोगी पडतो तो मुख्यतः या दुसऱ्या दुखण्यावर. शरीराचा एकेक भाग ५ ते ७ सेकंद आवळायचा, मग सोडून द्यायचा आणि पुढची २० ते ३० सेकंद तिथे काय जाणवतं याकडे लक्ष द्यायचं. हात, चेहरा, मान, खांदे, पोट, मांड्या, पोटऱ्या असं करत सगळं अंग. करायला सोपं वाटतं, म्हणून नीट शिकून न घेताच सुरुवात होते आणि ‘मला काही उपयोग झाला नाही’ म्हणत लोक आठवड्याभरात सोडून देतात. मीही एकदा सोडला होता. मानदुखी आणि तिच्यापाठोपाठ येणारी डोकेदुखी माझ्या मागे कित्येक वर्षं आहे. खाली लिहिलेल्या बऱ्याचशा चुका माझ्याही हातून झालेल्या आहेत.

जोर लावून आवळणं

व्यायाम म्हटलं की जोर लावायचा, ही आपली सवय. पहिल्याच आठवड्यात मी पावलं पुढे ताणून, सगळी ताकद लावून पोटऱ्या आवळल्या. असा गोळा आला की दोन दिवस पायऱ्या उतरताना पाय धरत होता. इतका जोर लागतच नाही. तुमच्या ताकदीच्या निम्म्याहून कमी पुरे. आवळायचं ते एवढ्यासाठीच, की नंतरचा सैलपणा ओळखू यावा. पोटरीला गोळे येत असतील तर पावलाची बोटं पुढे ताणण्याऐवजी नडगीच्या दिशेने वर ओढा. मान तर मागे रेटूच नका. डोकं उशीवर टेकवून अलगद दाबलं तरी मानेच्या स्नायूंना पुरेसा ताण मिळतो.

दुखरा भागच पिळून काढणं

‘दुखतंय इथे, म्हणजे ताण इथलाच काढला पाहिजे’ असं वाटणं साहजिक आहे. पण आवळल्यावर दुखणं वाढत असेल तर तो भाग आवळायचा नाही. तिथे पोचलात की फक्त लक्ष न्या, आणि श्वास बाहेर जाताना तो भाग जड होऊन खाली टेकतोय असं जाणवू द्या. आवळण्याची पायरी गाळून नुसतं सोडण्याचा सराव हीसुद्धा या व्यायामाची मान्य पद्धत आहे. उजवा खांदा दुखत असेल तर डावा आवळून सोडा, तिथली सैल पडण्याची जाणीव नीट ओळखा आणि मग उजव्यात तीच शोधा. नुकतीच दुखापत किंवा शस्त्रक्रिया झाली असेल, तर कुठले स्नायू आवळायचे आणि कुठले नाहीत हे आधी डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टला विचारा.

श्वास कोंडून ठेवणं

मूठ आवळली की श्वासही अडकतो. श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब चढतो. रक्तदाबाचा, हृदयाचा किंवा डोळ्यातल्या दाबाचा त्रास असलेल्यांनी हे विशेष जपावं आणि सुरुवातीलाच डॉक्टरांशी बोलून घ्यावं. आवळताना श्वास चालू ठेवायचा, सोडताना बाहेर जाऊ द्यायचा, बस. मुद्दाम खोल आणि भराभर श्वास घेतलेत तर चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात.

एक आवळताना दुसरं आवळणं

हाताची मूठ वळताना दात एकमेकांवर घट्ट बसलेत का, पाहा. बहुतेकांचे बसलेले असतात. कपाळावर आठ्या, पोटात ओढलेला श्वास, आवळलेली पायाची बोटं हे सगळे तसेच. ओठ मिटलेले, दात सुटे आणि जीभ तोंडात सैल पडलेली, एवढं जमलं तरी डोकेदुखी असलेल्याला फरक जाणवू शकतो.

सोडल्यावर लगेच पुढे पळणं

या व्यायामाचं मर्म सोडल्यानंतरच्या त्या अर्ध्या मिनिटात आहे, आणि आपण नेमकं तेच गाळतो. ही पद्धत अमेरिकन डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घडवली आणि १९२९ मध्ये सविस्तर छापून मांडली. माणसाला स्वतःच्या स्नायूंतला ताण ओळखताच येत नाही, आणि जो ओळखता येत नाही तो सोडताही येत नाही, हे त्यांच्या पद्धतीच्या मुळाशी होतं. स्नायूंमधली सूक्ष्म विद्युत हालचाल मोजून ते ताण तपासत. त्यांच्या मूळ शिकवणीला महिनोन्‌महिने लागत, एकेका भागावर कित्येक बैठका जात. पुढे १९५० च्या दशकात मानसोपचारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांनी ती बरीच आटोपशीर केली. आज आपण मोबाइलवर लावतो तो पंधरा मिनिटांचा ऑडिओ याच आटोपशीर रूपाचा वंशज आहे. ऑडिओतला आवाज पुढे धावत असेल तर तो थांबवा. हात उबदार वाटतोय का, जड वाटतोय का, आत थोडी धडधड जाणवतेय का, की काहीच जाणवत नाही? काहीच जाणवत नसेल तरी बिघडत नाही. जाणवायला वेळ लागतो.

कळ उठल्यावरच आठवण होणं

हे तहान लागल्यावर विहीर खणण्यासारखं आहे. कळ जोरात असताना नवीन काही शिकण्याच्या मनःस्थितीत कुणीच नसतं. सराव बऱ्या दिवसांतच करायचा, रोज एकदा-दोनदा, १५-२० मिनिटं, निदान काही आठवडे. मग हळूहळू आटोपता घ्यायचा: सुरुवातीला १६ भाग, मग ते एकत्र करून ७, मग ४, आणि शेवटी न आवळता नुसत्या आठवणीने सैल होणं. ही शेवटची पायरी गाठली तरच दुखणं वाढू लागताच, खुर्चीत बसल्याबसल्या, ते वापरता येतं. कायम ऑडिओवर विसंबून राहणारे इथवर पोचत नाहीत, म्हणून आठवड्यातून दोनदा तरी ऑडिओशिवाय करा.

दर मिनिटाला दुखणं मोजणं

‘गेलं का? कमी झालं का?’ असं विचारत राहिलात की सगळं लक्ष दुखऱ्या जागीच खिळतं आणि अंग पुन्हा आखडतं. दुखण्याचा आकडा लिहायचाच असेल तर दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी लिहा. त्यासोबत झोप कशी लागली आणि किती वेळ बसता आलं हेही लिहा. दुखण्याचा आकडा तोच राहून या दोन गोष्टी सुधारतात, असं बऱ्याचदा घडतं.

मध्येच काहीतरी विचित्र झालं तर

झोप लागत असेल आणि तुम्ही झोपेसाठीच करत असाल, तर उत्तमच. शिकण्यासाठी करत असाल तर आडवं न होता बसून करा. हातपाय अचानक दचकले तर घाबरू नका, झोप लागतानाही तसं होतं. उठताना आधी कुशीवर वळा, क्षणभर बसा, मग उभे राहा.

काहींना मात्र सैल होताना उलट धास्ती वाटते, छाती धडधडते, क्वचित रडू येतं. यात तुमचं काही चुकत नाही. ज्या शरीराने वर्षानुवर्षं पहारा दिलाय, त्याला तो सोडणं असुरक्षित वाटू शकतं. डोळे उघडे ठेवा, फक्त हातांपुरतं करा, दोन-तीन मिनिटांत थांबा. तरीही धास्ती वाढतच असेल तर एकट्याने रेटू नका, समुपदेशकाची मदत घ्या.

याच्याकडून भलतीच अपेक्षा करणं

अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने २०१७ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी औषधांआधी करून पाहायचे जे उपाय सुचवले, त्यांत हा व्यायाम आहे. मात्र त्यामागचा पुरावा कमी दर्जाचा असल्याचंही तिथेच नोंदवलं आहे. तेव्हा चालू औषधं आपल्या मनाने बंद करू नका. आणि छातीत दुखणं, अचानक उठलेली कधी नव्हे इतकी तीव्र डोकेदुखी, तापासोबत पाठदुखी, हातापायांतली शक्ती जाणं, जांघेत बधिरपणा, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं यांपैकी काही असेल तर व्यायाम करत बसू नका, ताबडतोब दवाखाना गाठा.

बरं वाटलं म्हणून साचलेली कामं उपसणं

ही चूक मला सर्वांत उशिरा कळली. व्यायामानंतर मान हलकी झाली की मी लगेच कपाट आवरायला घ्यायचो, आणि संध्याकाळी दुखणं दुप्पट होऊन परत यायचं. दोष मी व्यायामाला द्यायचो. आता बरं वाटलं की जेवढं करावंसं वाटतं त्याच्या निम्मंच करतो, मध्ये थांबून खांदे कुठे आहेत ते पाहतो, आणि उरलेलं कपाट दुसऱ्या दिवसावर ठेवतो.