मुलाला पाणी ओतायला देताना

अडीच-तीन वर्षांचं मूल ‘मी ओतणार’ म्हणून हटून बसतं, तेव्हा भरलेला मोठा जग त्याच्या हाती देऊ नका. ते वजन मनगटाला पेलत नाही.

साधारण 200 मिलीलिटरचे दोन छोटे जग घ्या. कान मुठीत बसणारा हवा, चोच टोकदार हवी. चोच बोथट असली की पाणी जगाच्या अंगावरून ओघळतं आणि मुलाला वाटतं, आपलंच चुकलं. एकच जग अर्धा भरा. दोन्ही जग कडा असलेल्या ट्रेमध्ये ठेवा, शेजारी मुलाच्या मुठीएवढा स्पंज. कोरडे दाणे ओतण्यापासूनही सुरुवात करता येते, पण वस्तू तोंडात घालणाऱ्या मुलाला दाणे नकोतच. घशात अडकू शकतात.

एकदा करून दाखवा, तेही न बोलता. बोलत राहिलात तर मूल तुमचं तोंड बघतं, हात नाही. एका हाताने कान धरा, दुसऱ्या हाताची दोन बोटं चोचीखाली टेकवा, सावकाश कलवा. शेवटचा थेंब पडेपर्यंत थांबा, मग जग सरळ करा. हा थांबा मुलांना फार आवडतो!

मग बाजूला बसा. ओतता ओतता ‘शाब्बास’ म्हटलंत की ते वर बघतं आणि तेवढ्यात सांडतं. सांडलं तर स्पंज दाखवा, स्वतः पुसू नका. दहा-बारा वेळा तेच केलं तरी करू द्या.

वर्गात असा एकच ट्रे ठेवा. बाकीची मुलं बघत थांबतात, आणि बघतानाही शिकतात.