एक्सपोर्टनंतर एचडीआर व्हिडिओ फिकट का दिसतो?

एचडीआरवर (हाय डायनॅमिक रेंज, म्हणजे उजेड-अंधाराचा जास्त मोठा पल्ला दाखवणारा व्हिडिओ) नव्याने काम करणाऱ्यांची पहिली तक्रार बहुधा ठरलेली असते. टाइमलाइनवर चित्र झकास होतं, एक्सपोर्ट केल्यावर सगळं राखाडी झालं. मग सॅच्युरेशन वाढवा, काँट्रास्ट ताणा, पुन्हा एक्सपोर्ट करा, असा खेळ सुरू होतो. माझ्या अनुभवात अशा वेळी ग्रेडिंगला, म्हणजे रंग-उजेडाच्या जुळणीला, हात लावायची गरज क्वचितच पडते. रंग जागेवरच असतो, फक्त फाइलमधल्या आकड्यांचा अर्थ कसा लावायचा हे पुढच्या सॉफ्टवेअरला कुणी सांगितलेलं नसतं.

एक उदाहरण घ्या. पीक्यू या एचडीआर सिग्नलच्या पद्धतीत साधा पांढरा शर्ट साधारण ५८ टक्के सिग्नलवर बसतो. एचडीआर निर्मितीच्या बीटी २४०८ या मार्गदर्शिकेनुसार त्याचा अर्थ २०३ निट्स (निट हे पडद्याच्या उजेडाचं एकक). हाच ५८ टक्क्यांचा सिग्नल प्लेअरने रेक ७०९, म्हणजे साधा एसडीआर (स्टँडर्ड डायनॅमिक रेंज) व्हिडिओ, समजून वाचला, तर १०० निट्सच्या पडद्यावर तो जेमतेम २७ निट्सचा होतो. म्हणजे शर्ट राखाडी! एचएलजी या दुसऱ्या एचडीआर पद्धतीत तोच पांढरा ७५ टक्क्यांवर असतो, त्यामुळे चुकीच्या वाचनातही चित्र जरा सुसह्य राहतं, फक्त रंग थोडे मलूल दिसतात. एचएलजी बीबीसी आणि जपानची प्रसारण संस्था एनएचके यांनी प्रक्षेपणासाठी तयार केलं, तेव्हा जुन्या टीव्हीवरही चित्र बऱ्यापैकी दिसावं ही अपेक्षा होतीच.

म्हणून मी पहिला प्रश्न फुटेजबद्दल विचारतो: हे नक्की कशात शूट झालंय? आयफोन १२ पासूनच्या फोनवरचं एचडीआर एचएलजीवर आधारलेलं डॉल्बी व्हिजन (डॉल्बी कंपनीचा एचडीआर प्रकार) असतं. कॅमेऱ्यातून एस-लॉग३ किंवा व्ही-लॉग यांसारखं, मुद्दाम सपाट ठेवलेलं लॉग फुटेज येतं. लॉग म्हणजे एचडीआर नव्हे, ते एचडीआर होऊ शकणारं कच्चं साहित्य आहे. डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग-ग्रेडिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये कलर मॅनेजमेंट चालू करून प्रत्येक क्लिपचा इनपुट कलर स्पेस (क्लिप कुठल्या रंग-पद्धतीत आहे ते) तपासा. फाइलमध्ये ही माहिती सांगणारा टॅग असेल तर तो बहुतेकदा आपोआप ओळखला जातो, लॉग क्लिपला मात्र अनेकदा हाताने सांगावं लागतं. आणि लॉग क्लिपवर नेटवरून घेतलेला रेक ७०९ चा लट (LUT, रंग बदलणारी तयार फाइल) आधी टाकून नंतर 'एचडीआर करू' म्हणू नका. त्या लटने खिडकीबाहेरचं आकाश एकदा दाबून टाकलं की पुढे नुसता उजेड वाढतो, तपशील परत येत नाही.

मॉनिटरच्या बाबतीत खोक्यावरच्या 'एचडीआर' या शब्दावर जाऊ नका. डिस्प्लेएचडीआर ४०० या दर्जासाठी लोकल डिमिंग (पडद्याच्या वेगवेगळ्या भागांचा उजेड स्वतंत्रपणे कमी करणं) सक्तीचं नाही, त्यामुळे अशा पडद्यावर काळा आणि झगझगीत भाग एकाच फ्रेममध्ये नीट पारखता येत नाहीत. ओएलईडीवर काळा सुरेख दिसतो, पण फ्रेमचा मोठा भाग उजळ झाला की पडदा स्वतःच ब्राइटनेस उतरवतो आणि आपल्याला वाटतं शॉटच अंधारलाय. शिवाय ऑपरेटिंग सिस्टिम मध्ये पडून रंगात आपली ढवळाढवळ करते. ज्यांना परवडतं ते डेकलिंकसारख्या व्हिडिओ आउटपुट कार्डमधून थेट मॉनिटरला सिग्नल देतात. ज्यांना परवडत नाही त्यांनी खोलीतला उजेड मंद आणि कायम सारखा ठेवावा आणि डोळ्यांपेक्षा स्कोपवर (सिग्नलची पातळी दाखवणाऱ्या आलेखावर) जास्त विश्वास ठेवावा.

स्कोप निट्समध्ये वाचायची सवय लावून घ्या. अठरा टक्के राखाडी २६ निट्सच्या आसपास, पांढरा कागद २०३ च्या आसपास, चेहरे त्याच्या खाली. १००० निट्सपर्यंतची वरची जागा दिव्यांसाठी, पाण्यावरच्या चमकेसाठी, धातूवरच्या तिरिपेसाठी. नवखे लोक चेहराच ४०० वर नेऊन ठेवतात. प्रेक्षक डोळे बारीक करून बघतो आणि खरी चमक यायला जागाच उरत नाही. जागा आहे म्हणून ती भरलीच पाहिजे असं नाही.

रंगांचंही तसंच. रेक २०२० या एचडीआरसाठीच्या रंग-मानकाचा पल्ला प्रचंड आहे, पण बाजारातले बहुतेक चांगले पडदे पी३ या त्याहून लहान पल्ल्याच्या आसपास थांबतात. जे आपल्यालाच दिसत नाही ते ग्रेड तरी कसं करणार? मी आउटपुट गॅमट (रंगांचा पल्ला) पी३-डी६५ पुरता मर्यादित ठेवून फाइल रेक २०२० मध्येच देतो. व्यवसायात ही पद्धत सर्रास चालते.

एक्सपोर्टला किमान १० बिट हवेतच. मास्टर फाइल प्रोरेस ४२२ एचक्यू या फॉरमॅटमध्ये, अपलोडसाठी एचईव्हीसी मेन १०. आठ बिटमध्ये संध्याकाळच्या आकाशात पट्टे दिसायला लागतात. रिझॉल्व्हच्या डिलिव्हर पानावर, अॅडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये कलर स्पेस टॅग आणि गॅमा टॅग असतात. ते एकदा डोळ्यांखालून घालाच. मग तयार फाइल मीडियाइन्फो या फाइलची तांत्रिक माहिती दाखवणाऱ्या अॅपमध्ये उघडा. तिथे हे दिसायला हवं: प्रायमरीज बीटी २०२० (म्हणजेच रेक २०२०), ट्रान्सफर पीक्यू किंवा एचएलजी, मॅट्रिक्स बीटी २०२०. कोडच्या भाषेत पीक्यूसाठी ९-१६-९ आणि एचएलजीसाठी ९-१८-९. एसडीआरचं १-१-१ तिथे दिसलं तर दोष टॅगमध्ये शोधा, ग्रेड मोडू नका. काळा भाग धुरकट किंवा चेपलेला दिसला तर फुल आणि लिमिटेड रेंजची (काळा-पांढरा कुठल्या आकड्यांवर धरायचा याच्या दोन पद्धतींची) अदलाबदल झाली आहे का ते बघा.

यूट्यूबवर एचडीआर आवृत्ती तयार व्हायला वेळ लागतो, तोवर एसडीआरच दिसतं. घाबरून लगेच दुसरी फाइल चढवू नका. एसडीआर रूपांतर यूट्यूब आपोआप करतं, ते चालण्याजोगं असतं. पण काम पैशाचं असेल तर एसडीआरची आवृत्ती मी शॉटगणिक बघून वेगळीच काढतो. क्लायंटला नमुना मेसेजिंग अॅपवरून तर अजिबात पाठवत नाही. तिथे व्हिडिओ पुन्हा एन्कोड होतो, टॅग वाटेतच गळू शकतात आणि उत्तर येतं, 'रंग उडालेत'. ड्राइव्हवर मूळ फाइल ठेवतो आणि ती कुठल्या फोनवर किंवा टीव्हीवर, कुठल्या प्लेअरमध्ये उघडायची हे सोबत लिहून देतो.