परसात वर्कशॉप बांधताय? या चुका टाळा

सुतारकामाची हौस लागली की आधी यंत्रांची यादी तयार होते. टेबल सॉ कोणता, प्लेनर किती इंची, ड्रिलला बिट कुठले. जागेचं उत्तर ठरलेलं असतं : मागे परसात दहा बाय बाराची शेड टाकू. मग शेडचे व्हिडिओ पाहिले जातात आणि ते बहुतेक इंग्लंड-अमेरिकेतले असतात. तिथे थंडी बाहेर ठेवायची असते. आपल्याकडे शेडचे शत्रू तीन : पाऊस, ऊन आणि वाळवी. खडीवर ठेवलेली लाकडी तळाची शेड तिकडे वर्षानुवर्षं टिकत असेल, सावंतवाडीत तिचा तळ वाळवीच खाईल.

जोतं जमिनीबरोबर ठेवणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच, कारण ती नंतर सुधारता येत नाही. यंत्रं आत ढकलायला सोपं जावं म्हणून जमीन आणि फरशी एका पातळीत घेतात. जुलैत पागोळ्यांचं पाणी आपटून थेट आत येतं. जोतं आजूबाजूच्या जमिनीपेक्षा किमान दीड फूट वर हवं, आणि यंत्रांसाठी दारासमोर सिमेंटचा छोटा उतार करून घ्यावा.

काळ्या मातीत प्रकरण आणखी अवघड. ही माती पाण्याने फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि वरचा कोबा फोडते. नाशिक, सोलापूर, मराठवाडा, विदर्भ इथल्यांना हे नव्याने सांगायला नको, तरी शेड म्हटलं की ‘एवढ्याशा कामाला काय खोदायचं’ असं होतंच. खांबांचे खड्डे घट्ट मुरुमापर्यंत न्या. फरशीखालची काळी माती दीड-दोन फूट काढून टाका, मुरूम थराथराने भरा, प्रत्येक थरावर पाणी मारून धुमसून घ्या, त्यावर दगडी सोलिंग (रचलेल्या दगडांचा थर) आणि मग पीसीसी (सळयांशिवायचं साधं काँक्रीट). पीसीसीखाली जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरला तर खालून ओल चढत नाही. गवंडी ‘त्याची गरज नाही’ म्हणेल. अंथरा.

शेड आधीच बांधून झाली असेल तर तडे बघा. मे महिन्यात रुंद होणारा आणि पावसाळ्यात मिटणारा तडा म्हणजे खाली माती हलते आहे. त्यात सिमेंट भरलं तर पुढच्या उन्हाळ्यात शेजारी दुसरा पडतो. अशा वेळी शेडभोवती दोन-तीन फुटांची सिमेंटची पट्टी बाहेरच्या बाजूला उतार देऊन करा आणि छपराचं पाणी पन्हाळीतून दूर सोडा. मातीची ओल कमी-जास्त होणं थांबलं की हालचालही बरीच कमी होते.

फरशी सतत दमट वाटते, पण ओल खालून येते की हवेतून हे कळत नसेल, तर दोन फुटांचा प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने फरशीला लावा आणि एक दिवस राहू द्या. कागदाच्या खाली थेंब जमले तर ओल जमिनीतली. वर जमले तर हवेतली, तिला वारा खेळता ठेवणं हा उपाय.

छप्पर फॅब्रिकेटरच्या अंदाजावर सोडणं

उतार किती, हे तुम्ही ठरवा. देशावर फुटाला दोन इंच चालून जातो. कोकणात तीन-चार इंच घ्या. उतार कमी असला की वाऱ्याने पाणी मागे ढकललं जातं आणि पत्र्यांच्या जोडातून आत शिरतं. खालचा पत्रा आणि वरचा पत्रा यांचा एकमेकांवरचा चढ सहा इंचांपेक्षा कमी नको.

गळतीचं सर्वांत नेहमीचं कारण मात्र स्क्रू. पन्हाळी पत्र्यात स्क्रू उंचवट्यावर मारायचा असतो, नाळीत नाही. पाणी नाळीतूनच वाहतं. वेग साधायला कामगार तो खोलगट भागात मारतात, कारण तिथे पत्रा थेट पाइपवर टेकतो आणि स्क्रू पटकन बसतो. दुसरी खोड म्हणजे ड्रिल मशीनने इतका आवळायचा की रबरी वॉशर चेपून बाहेर येतो. काम चालू असताना स्वतः शिडीवर चढून पाहा, नंतर सांगून उपयोग नाही. आता गळतच असेल तर वॉशरसकट स्क्रू बदला, किंचित जाड स्क्रू घ्या. नुसतं डांबर फासलं तर एक पावसाळा निघतो.

शेडची एक बाजू उघडी ठेवणार असाल तर ती नैर्ऋत्येला किंवा पश्चिमेला नको. मोसमी पाऊस तिकडूनच झोडपतो. कोकणात पूर्वीपासून त्या बाजूला झापं बांधतात ते उगाच नाही. उघड्या बाजूने शिरलेला वारा छप्पर आतून उचलतो, हे वेगळंच. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा असंख्य घरांचे पत्रे उडाले. खांब नुसते जमिनीत रोवू नका. काँक्रीटमध्ये पक्के करा आणि आडव्या पाइपांना वेल्डिंग पूर्ण फिरवून घ्या, टाके देऊन सोडू नका.

नारळाखाली शेड टाकू नका. सावली मिळते खरी, पण झावळी आणि नारळ दोन्ही पत्रा फोडतात.

ऊन हा विषय एप्रिलपर्यंत कोणाला आठवत नाही. पत्र्यावर पांढरा उष्णतारोधक रंग, आतून फॉइलचं अस्तर, आणि वरच्या टोकाला गरम हवा निघून जायला जाळी लावलेली फट, इतकं केलं तरी दुपारचं काम शक्य होतं. जाळी विसरलात तर पावसाळ्यात उंदीर येतील आणि त्यांच्या मागे साप. अस्तराचा दुसरा फायदा म्हणजे हिवाळ्यात पहाटे पत्र्याच्या आतल्या बाजूला धरणारं दव यंत्रांवर ठिबकत नाही.

जुने सिमेंटचे पत्रे फुकट मिळतात म्हणून वापरणारे असतात. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस (श्वासातून आत गेल्यास घातक ठरणारे तंतू) असण्याची शक्यता मोठी. ते ग्राइंडरने कापू नका.

घरातून एक वायर ओढणं

‘मोटर नुसती गुणगुणते, फिरत नाही’ ही तक्रार आली की लोक कपॅसिटर बदलतात. आधी वायर बघा. दीड एचपीची सिंगल फेज मोटर चालताना साधारण 8 अँपिअर घेते, पण सुरू होताना त्याच्या पाच-सहा पट. घरापासून शेड 80 फूट आणि वायर 1 स्क्वेअर एमएमची असेल तर सुरुवातीच्या त्या क्षणी वायरमध्येच जवळजवळ 40 व्होल्ट गळून जातात. गावाकडे आधीच 200 व्होल्ट येत असतील तर मोटरच्या वाट्याला 160 उरतात. तीच वायर 4 स्क्वेअर एमएम घेतली की तूट 10 व्होल्टच्या आसपास येते.

मीटरपासून शेडसाठी वेगळी लाइन घ्या. बाहेरचा भाग आर्मर्ड (धातूचं कवच असलेल्या) केबलचा, जमिनीखाली दोन-अडीच फूट, वर विटांचा थर. कुदळ कधी लागेल सांगता येत नाही. शेडमध्ये स्वतंत्र एमसीबी आणि 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारा स्विच, हवाच. ओल्या पायाने यंत्र चालवणाऱ्याचा जीव तोच वाचवतो. अर्थिंग तपासून घ्या. आरसीसीबी वारंवार पडतो म्हणून तो काढून टाकणारे इलेक्ट्रिशियन आहेत. तसं करू देऊ नका. एकेक यंत्र जोडत जा, ज्याने पडतो त्याची वाइंडिंग किंवा केबल ओली झालेली असते.

दिव्यांबद्दल एकच : चोकवाली जुनी ट्यूबलाइट फिरत्या पात्यावर नको. तिच्या लुकलुकण्यामुळे फिरतं पातं थांबल्यासारखं दिसू शकतं. एलईडी बॅटन चांगल्या ड्रायव्हरचे घ्या आणि टेबलाच्या पुढच्या बाजूला लावा, म्हणजे कामावर स्वतःची सावली पडत नाही.

यंत्राची जागा मोजणं, लाकडाची नाही

प्लायवूडचा पूर्ण शीट आठ बाय चारचा. तो टेबल सॉवर लांबीत चिरायचा तर पात्याच्या आधी आठ फूट आणि नंतर आठ फूट लागतात. बारा फुटी शेडमध्ये हे बसतच नाही. पण शेड मोठी करायची गरज नाही. सॉच्या रेषेत समोरासमोर दार आणि खिडकी ठेवली की शीट बाहेर निघतो. दार चार फुटांपेक्षा रुंद आणि बाहेर उघडणारं करा.

लाकडाची मांडणी भिंतीपासून सहा इंच सोडून, जमिनीपासून फूटभर वर, लोखंडी अँगलवर. मागून हात घालून वाळवीच्या मातीच्या नळ्या दिसतात का ते पाहता आलं पाहिजे. वाळवीची फवारणी भराव टाकताना, कोबा करण्याआधी करून घेणं स्वस्त पडतं. नंतर करायची झाली तर भिंतीच्या कडेने फूटफूट अंतरावर भोकं पाडून औषध सोडावं लागतं.

भुशासाठी मास्क आणि ओढून घेणारा पंखा पहिल्या दिवसापासून ठेवा. लाकडाचा बारीक भुसा कर्करोगकारक आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने कधीच नोंदवलं आहे.

‘पत्र्याच्या शेडला परवानगी कशाला?’

लागू शकते. इमारतीभोवतीच्या सामासिक अंतरात (नियमाने मोकळ्या सोडायच्या जागेत) बांधकामाला बंधनं असतात आणि शेजाऱ्याची तक्रार गेली की नोटीस येते. ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेत आधीच विचारा, सोसायटीचा प्लॉट असेल तर तिथेही. रहिवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत 45 डेसिबल आहे. प्लेनर ही मर्यादा सहज ओलांडतो, तेव्हा तो शेजाऱ्यांच्या कुंपणापासून दूरच्या कोपऱ्यात ठेवा आणि मोठी चिराई दिवसाउजेडी उरका.

हे सगळं मे महिन्यात करायला घेऊ नका. त्या वेळी गावातला प्रत्येक फॅब्रिकेटर कोणाच्या ना कोणाच्या छपरावर चढलेला असतो. तुमचं काम घाईत उरकलं जातं आणि स्क्रू नाळीत जातात. दिवाळीनंतर खोदाई, जानेवारीत पत्रे, आणि पहिल्या वळवाच्या पावसात आत उभं राहून कुठे गळतं ते खडूने खुणा करून ठेवायचं.