वेताचं फर्निचर उघड्यावर टिकवायचं, तर सुरुवात पायांपासून

उघड्यावरची वेताची खुर्ची सडते ती बहुधा खालून. वेत आतून बारीक नळ्यांचा बनलेला असतो. पायांची कापलेली टोकं साचलेल्या पाण्यात राहिली की ते पाणी वर चढतं. फुगणं आणि आकसणं वारंवार झालं की पट्ट्या तडकतात, सांध्यांवरची गुंडाळी सैल पडते.

आधी तुटलेलं टोक पाहून घ्या. तंतू आणि छिद्रं दिसली तर खरा वेत, आतबाहेर एकसारखं गुळगुळीत असेल तर प्लास्टिक. पिळलेल्या कागदाची वीण असेल, तर ती खुर्ची घरातच ठेवा.

खऱ्या वेताच्या विणीतली धूळ कोरड्या ब्रशने काढा. १ लिटर कोमट पाण्यात चमचाभर सौम्य द्रव साबण घालून, घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा. पाइपने धुऊ नका. बुरशीच्या ठिपक्यांवर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन टूथब्रश फिरवा, मग साध्या पाण्याच्या फडक्याने पुसून घ्या.

आता सावलीत, वाऱ्यावर किमान ४८ तास वाळवा. सगळ्यात जास्त घाई इथेच होते. हाताला कोरडं लागलं तरी गुंडाळीखाली ओल असते. त्यावर वॉर्निश मारलं की ती कोंडते, पांढुरके डाग पडतात आणि पुढे पापुद्रे सुटतात.

उभे राहिलेले तंतू २२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकेच घासा. चमकदार साल मात्र खरवडू नका, पाणी अडवते ती तीच.

वॉर्निश बाहेरच्या वापराचं, अतिनील किरण रोखणारं घ्या. खुर्ची उलटी करा आणि पायांच्या टोकांना ब्रशने मुरेल तितकं पाजा. मग मास्क लावून, मोकळ्या हवेत, २०–२५ सेंटीमीटरवरून स्प्रेचे तीन पातळ हात द्या, आधी खालून, मग वरून. जाड थर विणीच्या फटींत साचतो आणि बसताना वेत लवला की तडकतो. जवसाचं तेल टाळलेलं बरं. दमट हवेत त्यावर बुरशी धरते, आणि तेलाचे बोळे एकत्र टाकले तर आपोआप पेटूही शकतात.

पायांखाली सेंटीमीटरभर जाडीचे सपाट रबरी तुकडे ठेवा. खोलगट टोप्या नकोत, त्यांत पाणी राहतं. झाकायला हवा खेळेल असं कापडी कव्हर घ्या. प्लास्टिक गच्च गुंडाळलं की आत वाफ धरते. पाऊस लागून राहणार असेल, तर खुर्ची सरळ आत घ्या. वॉर्निशने वेत जलरोधक होत नाही.

प्लास्टिकच्या विणीला वॉर्निश धरत नाही. ती साबणाच्या पाण्याने धुवा, सावलीत ठेवा आणि आतला सांगाडा लोखंडी असेल तर गंज तपासा.

वर्षातून एकदा वेताच्या पायाच्या टोकावर पाण्याचा थेंब टाकून पाहा. तो तसाच टिकला तर थर शाबूत आहे. मुरला, तर तेवढी टोकं वाळवून पुन्हा वॉर्निश पाजा.