सिंधुदुर्गात फिरताना पैसा गावातच राहावा असं वाटतं? मग या चुका टाळा

मालवण-तारकर्लीला राहिलो, घरगुती जेवलो, म्हणजे गावाच्या पदरात चार पैसे पडले, असं आपण धरून चालतो. दरवेळी तसं होत नाही. खोली पुण्या-मुंबईतल्या मालकाची, भाडं पोर्टलवर भरलेलं, ताटातली सुरमई दुसऱ्याच बंदरावरून बर्फात आलेली आणि परतताना घेतलेला काजू आफ्रिकेतला, अशी अख्खी सहल होऊ शकते. फोटोत ती कोकणातलीच दिसते. दोष बऱ्याचदा आपल्या सवयींचाच असतो.

न कळवता जेवायला जाणं

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. मालवण, वायरी, देवबाग भागातली खरी घरगुती खाणावळ म्हणजे एक काकू, त्यांची सून, मदतीला शेजारची कोणीतरी आणि पडवीत मांडलेली चार टेबलं. फ्रीझर भरून ठेवून गिऱ्हाइकाची वाट बघत बसण्याइतकं भांडवल त्यांच्याकडे नसतं. मासळी सकाळी माणसं मोजून आणली जाते. दुपारी दीडला आठ जणांनी गाडीतून उतरून "काय काय मिळेल?" विचारलं, तर "संपलं" हेच उत्तर येणार. मग ही आठ माणसं मोठ्या हॉटेलात जातात आणि घरी येऊन सांगतात की गावात जेवायची काही सोय नाही.

आदल्या संध्याकाळी फोन करा. पलीकडून ठरलेले तीन प्रश्न येतात: "माणसां कितकी? शाकाहारी कितकी? कितक्या वाजता येतलात?" तिन्हींची नीट उत्तरं द्या, विशेषतः दुसऱ्याचं. काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याचे वाटाणे रात्रीच भिजत घालावे लागतात, ऐन वेळी सांगून ते होत नाही. शाकाहारी माणसाला सोलकढी, भात आणि लोणच्यावर भागवावं लागलं, तर त्यात स्वयंपाकघराचा दोष फारसा नसतो. आणि बेत बदललाच, तर तेही कळवा. आणलेला मासा लिलावात परत देता येत नाही.

सुरमई-पापलेटचाच हट्ट

प्रत्येक ताटात सुरमई पाहिजे, मग ती कुठूनही येवो, या हट्टापायी छोट्या खाणावळी व्यापाऱ्याकडून महाग मासा उचलतात. त्यांच्या हातात त्यातून फार थोडं उरतं. त्यापेक्षा "आज काय आलंय?" असं विचारा. बांगडा, पेडवे, सौंदाळे, मुडदुशे हे किनाऱ्याजवळ मिळणारे मासे बहुतेक वेळा ताजेही असतात आणि स्वस्तही. तिसऱ्या (शिंपल्या) आणि कालवं खाडीतून काढतात त्या बहुतेक बायकाच, त्यामुळे तिसऱ्यांचं सुकं मागवलं तर पैसा थेट त्यांच्यापर्यंत जातो. रापणीचा मासा मिळाला तर सोडू नका. किनाऱ्यावरून गावातली माणसं मिळून ते मोठं जाळं ओढतात आणि आलेल्या मासळीचे वाटे होतात. पर्ससीन (माशांचा अख्खा थवा घेरणारी मोठी जाळी) आणि एलईडी दिवे लावून होणाऱ्या मासेमारीशी या रापणकरांचा झगडा कित्येक वर्षं चालू आहे. आपण ताटात काय मागतो, त्याचा याच्याशी थोडा का होईना संबंध आहे.

पावसाळ्यात तर हा हट्ट अगदीच चुकीचा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते, फक्त बिगरयांत्रिक छोट्या होड्यांना सूट. जुलैत भलंमोठं ताजं पापलेट समोर आलं, तर ते कुठलं हे जरूर विचारा. या दिवसांत खायचं ते सुकं: खारा बांगडा, सोडे, सुकट. सोबत टाकळ्याची किंवा कुड्याच्या शेंगांची भाजी. माझ्या मते कोकणात जेवायला जायचा सगळ्यात चांगला काळ हाच, पण पर्यटकांना समुद्र निळा पाहिजे असतो.

घराचा मालक कुठे राहतो, हे न विचारणं

घर शोधायला पोर्टल वापरण्यात काही गैर नाही. मात्र प्रत्येक बुकिंगमागे साधारण १५ टक्के, कधी त्याहूनही जास्त, कमिशन जातं ते घरमालकाच्या वाट्यातूनच. पहिल्या खेपेला पोर्टल, दुसऱ्या खेपेला थेट फोन, हे बरं. फक्त थेट फोन करून "कमिशन वाचतंय ना, मग तेवढे कमी करा" असं म्हणू नका. वाचलेलं सगळं आपणच घेतलं तर त्यांना मिळालं काय?

फोनवर एक प्रश्न विचाराच: "तुम्ही तिथंच राहता ना?" शासनाच्या निवास-न्याहारी योजनेत नोंदवलेली घरं असतात, तिथे मालकाचं कुटुंबही राहत असतं. 'होमस्टे' अशी पाटी मात्र कोणीही लावतं. उत्तर "केअरटेकर आहे" असं आलं, तर समजून जा. तिथे राहू नये असं नाही, पण मग गावात राहतो तो फक्त त्या केअरटेकरचा पगार.

पाटी वाचून हापूस, पिशवी बघून काजू

हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतलाच आंबा त्या नावाने विकता येतो. तरी कर्नाटकातला आंबा 'देवगड' छापलेल्या खोक्यात भरला जातो आणि तो कोकणातल्या रस्त्यावरही मिळतो. आपली चूक अशी की आजच्या आज खायला पिकलेलाच आंबा पाहिजे असतो. बागायतदार तुम्हाला अढीतला, म्हणजे गवतात पिकत घातलेला, अजून हिरवट आंबा देईल आणि कधी खायचा ते सांगेल. तो घ्या. बाग कुठे आहे विचारलं की खरा बागायतदार खुलतो. व्यापारी विषय बदलतो.

काजूचं प्रकरण जरा गुंतागुंतीचं आहे. इथले कारखाने आफ्रिकेतून आलेली काजू बी फोडतात, कारण स्थानिक बी वर्षभर पुरत नाही. पण ती बी फोडणाऱ्या बायका गावातल्याच असतात, त्यामुळे तो काजू घेतला तर गावाला काहीच मिळत नाही असं म्हणता येणार नाही. बागायतदाराला मिळावं असं वाटत असेल, तर "गावठी बी आहे का?" असं विचारा, नाहीतर मार्च-एप्रिलमध्ये ओले काजू घ्या. ते लांबून आणता येत नाहीत.

सावंतवाडीत दोनशेची वस्तू शंभरला मागणं

चितार आळीत लाकडी फळं, भाज्या, पाट, ठकी (लाकडी बाहुली) बघून लोक हरखतात आणि पुढच्याच क्षणी घासाघीस सुरू करतात. त्याच दुकानात प्लास्टिकची खेळणीही टांगलेली असतात, आणि आपण भाव पाडतो तो नेमका लाकडाचा. आधी "हे इथंच केलेलं आहे का, लाकूड कुठलं?" विचारा. पूर्वी पांगाऱ्याचं हलकं लाकूड वापरत, आता इतरही वापरतात.

गंजिफाच्या, म्हणजे हाताने रंगवलेल्या जुन्या पद्धतीच्या गोल पत्त्यांच्या बाबतीत तर भाव करूच नये. दशावतारी गंजिफाचा संच १२० पानांचा, दहा अवतारांची प्रत्येकी बारा पानं. प्रत्येक गोल पान चिंचोक्याची खळ लावून तयार करायचं, हाताने रंगवायचं, वर लाखेचा हात द्यायचा. हे काम सावंतवाडीच्या राजवाड्यात बघायला मिळतं. पूर्ण संच झेपत नसेल तर सुटी वस्तू घ्या, किंवा नुसतं बघा आणि तिकिटाचे पैसे द्या. कारागिराला स्वस्तात मागितलेल्या वस्तूपेक्षा ते बरं वाटेल.

स्थानिक आहे म्हणून सगळं चालवून घेणं

पाण्यात हे अजिबात करू नका. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कुबाला गेलेली बोट उलटून दोन पर्यटक दगावले. बोटवाला गावातला आहे, गरीब आहे, म्हणून लाइफ जॅकेटशिवाय बसायचं नाही, आणि बोट भरलेली दिसली तर पुढच्या फेरीला थांबायचं. वाईट वाटलं तरी चालेल.

काही किरकोळ अडचणी

फोन लागत नाही: दुपारी दोन ते चार सोडून करा. तेव्हा स्वयंपाकघर आवरून माणसं आडवी झालेली असतात.

यूपीआय अडकलं: वादळवाऱ्यात वीज गेली की पाठोपाठ नेटवर्कही जातं. दोन दिवसांचे जेवणाचे पैसे रोख जवळ ठेवा, सुटे असतील तर उत्तमच.

जेवण तिखट लागलं, चादर ओलसर होती: निघण्याआधी काकूंना तोंडावर सांगा. चादर तिथल्या तिथे बदलून मिळते, तिखटावर वाटीभर सोलकढी येते. घरी पोहोचून रात्री एक तारा दिला, तर कमी तारे बघून पुढचे गिऱ्हाईक फोनच करत नाहीत, आणि काय बिघडलं ते त्यांना कधी कळत नाही.