स्प्रिंग एअर रायफलीची ट्यूनिंग आणि देखभाल: या चुका टाळा

नेम चुकायला लागला, आवाज बदलला किंवा छर्र्याचा वेग पडला की बहुतेकांचा हात आधी तेलाच्या बाटलीकडे जातो, नाहीतर नव्या कडक स्प्रिंगच्या शोधाला लागतो. स्प्रिंग-पिस्टन रायफलीच्या बाबतीत दोन्ही सवयी महागात पडतात. दोष बाहेरून आत शोधत जायचा: आधी स्क्रू, मग स्कोप, मग पकड, मग छर्रे, मग ब्रीचचं (नळीच्या मागच्या, छर्रा भरायच्या तोंडाचं) सील. बंदूक उघडायची पाळी सगळ्यात शेवटी येते, आणि बऱ्याचदा येतच नाही.

आत काय घडतं ते आधी लक्षात घ्या. ट्रिगर ओढला की दाबून धरलेली स्प्रिंग सुटते आणि पिस्टनला पुढे फेकते. पिस्टनपुढची हवा क्षणात दाबली जाते, भयंकर तापते आणि बारीक छिद्रातून छर्र्यामागे घुसते. पिस्टन पुढे जाताना बंदूक मागे येते आणि दाबलेल्या हवेवर पिस्टन अडला की बंदूक पुढे सरकते. छर्रा नळीतून बाहेर पडण्याआधीच ही हालचाल सुरू झालेली असते.

तेलाचा सोस

हवेच्या छिद्रात मशीन ऑइलचे दोन थेंब सोडले की बंदूक कडाडते, धूर येतो आणि ताकद वाढल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात पिस्टनपुढे गेलेलं तेल दाबाच्या उष्णतेने पेटलेलं असतं. याला डिझेलिंग म्हणतात. त्याने पिस्टनच्या तोंडावरचं सील जळतं, उलटा दणका स्प्रिंगला बसतो आणि प्रत्येक छर्र्याचा वेग वेगळा येतो. नवी बंदूक सुरुवातीला थोडा धूर सोडते, कारण कारखान्यात लावलेलं जास्तीचं ग्रीस जळत असतं. ते आपोआप थांबतं. काहीशे छर्र्यांनंतरही धूर चालूच असेल तर आत ग्रीस जास्त झालंय असं समजा.

सिंथेटिक सीलला पुढून तेल घालायची गरज नसते. जुन्या बंदुकांमधल्या चामड्याच्या सीलची गोष्ट वेगळी. ते कोरडं पडलं की आकसतं आणि हवा धरत नाही. त्यासाठी चेंबरचंच सिलिकॉन तेल, तेही थेंबा-दोन थेंबांनी घालावं आणि बंदूक नळी वर करून रात्रभर उभी ठेवावी. हेच सिलिकॉन तेल स्प्रिंगला मात्र लावू नका. धातूवर धातू घासतो तिथे ते टिकत नाही.

नेम भरकटला तर

दस्त्याचे स्क्रू तपासा. दोन्ही दिशांच्या धक्क्यांनी ते सैल होतात, आणि काल एका नाण्याखाली झाकला जाणारा ग्रुप (लागोपाठ मारलेल्या छर्र्यांच्या खुणांचा पुंजका) आज तळहाताएवढा पसरतो. योग्य मापाचा स्क्रूड्रायव्हर घ्या, नाहीतर खाच उडते. घट्ट करा, पण लाकूड चेपेल इतका जोर लावू नका. नळी सांध्यातून खाली दुमडून कॉक करायची (म्हणजे स्प्रिंग दाबून अडकवायची) बंदूक असेल तर नळीच्या सांध्याचा बोल्टही बघा. बंदूक कॉक केल्यावर नळी जिथे ठेवाल तिथेच थांबली पाहिजे. आपल्या वजनाने खाली पडत असेल तर सांधा ढिला आहे. ही तपासणी करताना छर्रा भरू नका, बोट ट्रिगरपासून लांब ठेवा आणि नळी हातातून सोडू नका.

मग स्कोप. काडतुसाच्या रायफलीचा धक्का सोसणारा स्कोपसुद्धा इथे निकामी होऊ शकतो, कारण इथला धक्का पुढच्या दिशेनेही बसतो. स्प्रिंग बंदुकीसाठी बनवलेलाच स्कोप घ्या आणि माउंट (स्कोप धरणारी पकड) मागे सरकू नये म्हणून स्टॉप पिन लावा.

पकडीकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. बंदूक खांद्यात आवळून धरली किंवा कडक टेकूवर ठेवली की ती दर वेळी वेगळी उसळते. पुढचा भाग उघड्या तळव्यावर नुसता टेकवा, दर वेळी त्याच जागी, आणि बंदुकीला हवी तशी हलू द्या. इतकं करूनही ग्रुप पसरत असेल तर छर्रे बदलून बघा. एकाच मापाचे दोन प्रकारचे छर्रे एकाच नळीतून अगदी वेगळे जातात. फार हलके छर्रे टाळा. त्यांच्यामागे पुरेसा दाब साठत नाही आणि पिस्टन आदळतो. छर्रा न भरता ट्रिगर ओढणं तर त्याहून वाईट: सील फाटतं, स्प्रिंग तुटते.

वेग कमी झाल्याची शंका असेल तर ब्रीचच्या सांध्यावर टिश्यू पेपरची पातळ पट्टी ठेवून एक छर्रा मारा. पट्टी उडाली की ब्रीचचं सील गळतंय. बदलायला सोपा, स्वस्त भाग आहे तो.

कडक स्प्रिंगचा मोह

जास्त कडक स्प्रिंग किंवा मागे वॉशर टाकून वाढवलेला ताण वेग फारसा वाढवत नाही. कॉक करायला जड जातं, धक्का वाढतो, नेम बिघडतो. शिवाय ऊर्जेची मर्यादा असते: इंग्लंड आणि वेल्समध्ये परवान्याशिवाय 12 फूट-पाउंड, म्हणजे सुमारे 16.3 ज्यूल, जर्मनीत 7.5 ज्यूल. 0.547 ग्रॅमचा छर्रा सेकंदाला 240 मीटर वेगाने गेला तरी सुमारे 15.8 ज्यूल होतात, म्हणजे इंग्लंडच्या मर्यादेला टेकलातच. अंदाजावर जाऊ नका, क्रोनोग्राफ (छर्र्याचा वेग मोजणारं यंत्र) वापरा आणि दहा छर्र्यांची सरासरी व फरक दोन्ही लिहून ठेवा.

चांगली ट्यूनिंग म्हणजे शांत बंदूक. मारल्यावर येणारा तो 'टूंग' आवाज स्प्रिंग आणि तिला आतून सरळ धरणारा दांडा, म्हणजे गाइड, यांच्यातल्या ढिलेपणाचा असतो. नीट बसणारा गाइड आणि स्प्रिंगवर घट्ट, डांबरासारख्या ग्रीसचा पातळ थर दिला की तो जातो. थर जाड झाला तर थंडीत वेग पडतो. पिस्टनच्या अंगाला मोली पेस्ट (मॉलिब्डेनम डायसल्फाइडचं वंगण) बोटाने चोळून लावा, सीलच्या तोंडावर अजिबात नको.

उघडताना

कॉक केलेली बंदूक कधीही उघडू नका. स्प्रिंग सुटलेल्या अवस्थेतही तिच्यात ताण शिल्लक असतो. स्प्रिंग कंप्रेसरशिवाय (स्प्रिंग दाबून धरणाऱ्या साधनाशिवाय) मागची पिन काढली तर आतले भाग तोंडावर येऊ शकतात. फक्त हाताच्या जोरावर ती दाबून धरायचा प्रयत्न मी कुणालाच करू देत नाही. नवं सील बसवताना सिलिंडरच्या (पिस्टन ज्यात सरकतो त्या नळकांड्याच्या) खाचेच्या धारदार कडा आधी पॉलिश पेपरने मोडा, नाहीतर सील आत जातानाच कापलं जातं.

छर्रा भरताना नळी किंवा लीव्हर दुसऱ्या हाताने धरूनच ठेवा. सिअर (कॉक केलेला पिस्टन अडवून धरणारा खटका) घसरला तर नळी झटक्याने बंद होते आणि बोटं जातात. नळी उघडी असताना ट्रिगर ओढला तर नळी वाकते, दस्ता चिरतो. कॉक करून तासन्‌तास ठेवलेली स्प्रिंग बसते, म्हणजे तिचा जोर कमी होतो, तेव्हा मारायचं असेल तेव्हाच कॉक करा.

जोडणी झाल्यावर पहिले काही डझन छर्रे वेग थोडा वर-खाली होईल. तो स्थिरावेपर्यंत स्कोपच्या नॉबना हात लावू नका.