फॅब्री आजारात किडनीवर लक्ष कसे ठेवावे?

फॅब्री आजारात अल्फा-गॅलॅक्टोसायडेज ए हे एन्झाइम कमी पडते आणि एक स्निग्ध पदार्थ वर्षानुवर्षे पेशींत साचत राहतो. किडनीच्या गाळणीतल्या पेशींत तो साचतो तेव्हा काही दुखत-खुपत नाही. म्हणून त्रास नसतानाच तपासण्या सुरू करायच्या.

सुरुवात लघवीपासून करा. लघवीतील अल्ब्युमिन (एक प्रथिन) आणि क्रिएटिनिन (स्नायूंतून येणारा टाकाऊ पदार्थ) यांचे गुणोत्तर, म्हणजे एसीआर, तपासायला सांगा. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी, धार सुरू झाल्यावर मधली, लॅबच्या डबीत घ्या. ताप, लघवीचा संसर्ग, मासिक पाळी किंवा आदल्या दिवशीचा जबर व्यायाम असेल तर तपासणी पुढे ढकला, कारण आकडा फुगतो. एसीआर ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅमच्या खाली असेल तर ठीक. वर आला की पुन्हा तपासून खात्री करायची. एका रिपोर्टवर घाबरू नये, पण तो फाइलमध्ये पुरूनही ठेवू नये.

मग रक्तातले क्रिएटिनिन. इथे बरेच जण फसतात. क्रिएटिनिन १.२ आले की ‘नॉर्मल’ म्हणून घरी जातात. पण हाच १.२ पंचवीस वर्षांच्या पुरुषात ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते याचा अंदाज, साधारण ८६ देतो आणि पंचावन्न वर्षांच्या बाईत ५३ च्या आसपास! त्यामुळे रिपोर्टवर ईजीएफआर छापला नसेल तर मागून घ्या. शक्यतो एकाच लॅबमध्ये जा आणि प्रत्येक तारखेचा आकडा वहीत एकाखाली एक लिहा. एकट्या आकड्यापेक्षा घसरण किती वेगाने होते आहे हे डॉक्टरांना जास्त उपयोगी पडते. स्नायू कमी असलेल्या रुग्णांत क्रिएटिनिन दिशाभूल करते, तेव्हा सिस्टॅटिन सी ही रक्ताची दुसरी तपासणी विचारा.

किती वेळा? सगळे ठीक असेल तर वर्षातून एकदा; लघवीतून प्रथिने जात असतील तर तीन ते सहा महिन्यांनी. नेमके अंतर नेफ्रॉलॉजिस्ट (किडनीचे डॉक्टर) ठरवतील. बीपी मात्र घरीच मोजा.

प्रथिने रोखण्यासाठी रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी सुरू झाली की दोन ते चार आठवड्यांत पोटॅशियम आणि क्रिएटिनिन पुन्हा बघावे लागते. कमी पडणारे एन्झाइम सलाइनमधून देतात, त्या उपचाराची जागा ही गोळी घेत नाही.

हातापायांची आग या आजारात नेहमीची, म्हणून आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक मेडिकलमधून परस्पर घेण्याची सवय लागते. ती किडनीला महागात पडते; दुखण्यासाठी वेगळे औषध डॉक्टरांकडून लिहून घ्या. घाम कमी येत असल्याने उन्हाळ्यात अंग तापते, जुलाब-उलट्यांत तर पाणी पटकन कमी होते. अशा वेळी बीपीच्या त्या गोळीचे काय करायचे, हे आधीच विचारून ठेवा.

वडिलांना हा आजार असेल तर सदोष जनुक सगळ्या मुलींकडे जाते. ‘बायका फक्त वाहक असतात’ हे जुने मत सोडून द्या. त्यांचीही किडनी बिघडू शकते. मुलींचीही लघवी तपासून घ्या.